समागमाचा पहिला अर्थ

तीर्थरूप मामा,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. मामींनाही नमस्कार सांगा, पण पत्र संपल्यावर. आधी हे पत्र घेऊन गॅलरीत जा, दार ओढून घ्या आणि मनातल्या मनात वाचा. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासल्यामुळे तुम्ही अजूनही काहीही हातात आलं की खणखणीत आवाजात, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट वाचता (औषधाच्या बाटलीवरची सूचनासुद्धा). एरवी मला ते ऐकायला आवडतं. आज मात्र कृपा करा.

तब्येत कशी आहे? कानातलं यंत्र अजून शिट्टी मारतं का? मामींचा गुडघा काय म्हणतो? जिना उतरताना त्या अजूनही जिन्याकडे तोंड करून उलट्या उतरतात का? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. किती बरे, तेच सांगायला हा एवढा पत्रप्रपंच. फोन का नाही केला, असं तुम्ही म्हणाल. तर तुम्ही फोन टेबलावर ठेवून, आवाज पूर्ण मोठा करून बोलता, त्यामुळे तुमच्याशी बोलणं म्हणजे तुमच्या अख्ख्या इमारतीशी बोलणं. आणि मला जे सांगायचंय ते इमारतीला सांगण्यासारखं नाही. खरं म्हणजे सख्ख्या मामाला सांगण्यासारखंही नाही. पण तुम्ही आमच्यावर फुगून बसला आहात असं आईकडून कळलं, आणि तुमचा राग रास्त आहे. पाच महिने दर शनिवारी तुम्हांला आग्रहानं बोलावलं, आणि एका बुधवारी एकाएकी निरोप आला : 'समागम बंद. कारण मागाहून कळवू.' त्याला आठ आठवडे झाले. आता ते कारण कळवतो. आधी सांगून ठेवतो की या कथेचा शेवट विजयात आहे, तेव्हा मधेच पत्र फाडू नका.

आमचं घर तीन वर्षं कशाच्या वाटेकडे डोळे लावून बसलं होतं हे तुम्हांला माहीत आहे. तुम्ही कधी विचारलं नाहीत, त्याबद्दल आम्ही दोघंही तुमचे ऋणी आहोत (बाकी सगळ्यांनी विचारलं). आणि माझा स्वभावही तुम्हांला माहीत आहे. दिवसभर वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस मी. काटा शून्यावर आला नाही तर मला जेवण जात नाही. त्यामुळे या बाबतीतही मी तक्ता केला होता. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला, तारखांचा आणि तापमानाचा. लाल ठिपके, निळे ठिपके. ही (म्हणजे तुमची भाचेसून) दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासून दमून घरी यायची, तर मी दारातच तिच्या तोंडात थर्मामीटर द्यायचो. आज लिहिताना मला याची लाज वाटते. तेव्हा मात्र मला हे शास्त्र वाटत होतं.

शेवटी आम्ही एका वयस्कर डॉक्टरांकडे गेलो. माणूस विद्वान, हात हलका, पण बोलणं इतकं हळू की समोरच्याला पुढे वाकून बसावं लागतं. आम्ही घरात त्यांना 'कुजबुजे' म्हणतो. कुजबुज्यांनी सगळे कागद पाहिले, दोघांच्या तपासण्या पाहिल्या, माझा तक्ताही (मी कपाटाच्या दारावरून सोलून नेला होता) पाहिला, आणि म्हणाले, "दोष कुणातच नाही. हा तक्ता फेकून द्या. मनावरचा ताण कमी करा, हसतंखेळतं राहा. आणि समागम जरा वाढवा. आठवड्यातून तीनदा तरी. नियमित."

आता मामा, तुम्ही शब्दांतले जाणकार. मला सांगा, माझं काय चुकलं? ताण कमी करा, हसतंखेळतं राहा, आणि पाठोपाठ समागम वाढवा. शाळेत असताना 'सज्जनांच्या समागमाने मन प्रसन्न होते' हे वाक्य मी निबंधात घातलं होतं आणि मास्तरांनी त्याखाली रेघ ओढून 'छान' असं लिहिलं होतं. समागम म्हणजे चार माणसांत मिसळणं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि डॉक्टरांना जे म्हणायचं होतं त्याला आपल्याकडे नवरा-बायको काय म्हणतात? काहीच म्हणत नाहीत. फार तर 'ते' म्हणतात. त्या 'ते'ला एखादं नाव असेल, त्याला संधीबिंधी असेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. शिवाय डॉक्टरांचं निदान मला बिनतोड वाटलं. तीन वर्षांत आम्ही कुणाकडे गेलो नव्हतो, कुणाला बोलावलं नव्हतं. लोक आले की विचारतात, म्हणून लोकच नकोत, असं झालं होतं. घर कसं बंद पडलेल्या काट्यासारखं, पारड्यात काही ठेवा, हलायचं नाव नाही.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर रस्ताभर मी हिला हेच समजावत होतो की आता घरात माणसं बोलवायची. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "मग, कुणाकुणाला बोलवायचं?"

त्याच संध्याकाळी मी मजकूर तयार केला आणि हिनं तिच्या वळणदार अक्षरात त्याच्या तेवीस प्रती काढल्या. 'डॉक्टरांच्या सल्ल्यावरून आमच्या घरी दर मंगळवारी, गुरुवारी व शनिवारी सायंकाळी सहा वाजता समागम करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब येऊन भाग घ्यावा. कळावे.' मामा, तुम्हांला पाठवलेली प्रत तुम्ही 'सहकुटुंब'मधला माझा दीर्घ उकार ऱ्हस्व करून, समासात खूण करून, पोचेदाखल परत पाठवली होती. बाकीच्या मजकुराला तुम्ही हात लावला नाहीत. त्या वेळी तुम्हांला दुसरा अर्थ ठाऊक होता का, हा प्रश्न मी तुम्हांला कधीही विचारणार नाही. तुम्हीही आपण होऊन उत्तर देऊ नका.

एक प्रत मी आमच्या दुकानातल्या फळ्यावर टाचणीनं लावली, 'वजने तपासून मिळतील' या पाटीच्या शेजारी. गिऱ्हाइकं वाचायची आणि माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, कौतुकानं. मालकांना मी दर शनिवारी सांगायचो की साहेब, आज जरा लवकर सोडा, घरी समागम आहे. आमचे मालक म्हणजे लग्नालाही रजा न देणारे. पण पाच महिन्यांत एकदाही त्यांनी नाही म्हटलं नाही. एकदा तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुझ्या वयात आम्हीही होतो, पण आम्हांला बाबा कधी फळ्यावर लावायची हिंमत झाली नाही.

तिसऱ्या गुरुवारी एक अनोळखी गृहस्थ आले. पन्नाशीचे, केस चापून बसवलेले, अंगाला अत्तर, हातात फुलांचा गुच्छ. म्हणाले, दुकानातल्या फळ्यावर वाचलं, बाहेरच्या माणसाला चालेल ना? मी म्हटलं, अहो चालेल काय, जितके जास्त तितकं डॉक्टरांना हवंच आहे. ते आत आले, तर खोलीत माझी आई वाटाणे सोलतेय, खालच्या मजल्यावरचे टपालकचेरीतले काका आणि त्यांच्या सूनबाई पत्ते पिसतायत, आणि ही चहा गाळतेय. गृहस्थ पंधरा मिनिटं भिंतीला टेकून खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. कुणी उठलं की दचकायचे. मग टपालवाल्या काकांनी त्यांना पानं वाटली. त्या संध्याकाळी ते ओळीनं चार डाव जिंकले, आणि त्यानंतर एकही गुरुवार चुकवला नाही. अत्तर मात्र दुसऱ्या खेपेपासून बंद झालं. (शनिवारी तुमचा जोडीदार असायचा तो लांब नाकाचा माणूस, पत्ता लपवताना कान लाल व्हायचे, तोच हा.)

तुम्ही तर सगळं डोळ्यांनी पाहिलंत, पण मला पुन्हा लिहायला बरं वाटतं. मंगळवारी अकरा जण, गुरुवारी नऊ, शनिवारी गच्चीवर सतरा. मामींनी खुर्चीत बसून केलेल्या नकला. तुम्ही वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचात आणि प्रत्येक चुकीपाशी थांबून संपादकांच्या नावानं उसासा टाकायचात. पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यांनी विचारून घेतलं, काही विशेष? तिसऱ्या आठवड्यात विचारायचं बंद झालं. आठवड्यातून तीनदा भेटणाऱ्या माणसाला काय विचारणार? परवाच तर भेटलो! मग लोक इतर गोष्टी बोलायला लागले. तीन वर्षांत मी हिला पोट धरून हसताना पाहिलं नव्हतं. एका मंगळवारी ती हसता हसता खाली बसली आणि तिला उठवायला दोघीजणी लागल्या. थर्मामीटर कुठे गेला तेही मला आठवेना. (नंतर तो आईला तांदळाच्या डब्यात सापडला.)

असे पाच महिने झाले, आणि ठरल्याप्रमाणे आम्ही पुन्हा कुजबुज्यांकडे गेलो. तो बुधवार मी जन्मात विसरणार नाही. डॉक्टर वहीत बघत, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सांगितल्याप्रमाणे समागम चालू आहे ना?"

मी ताठ बसून म्हटलं, "चालू म्हणजे काय, डॉक्टर! आठवड्यातून तीनदा. एक दिवस खाडा नाही."

"छान."

"मंगळवारी अकरा असतात. गुरुवारी नऊ. शनिवारी सतरा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सतरा काय?"

"माणसं."

"घरात?"

"घरात मावत नाहीत. शनिवारी गच्चीवर करतो."

कोपऱ्यात नर्सबाई सुया मोजत होत्या. त्यांनी मोजायचं थांबवलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि परत न घालताच विचारलं, "ही माणसं... कोण असतात?"

"घरचीच हो. आई असते. शेजारी असतात. एक गृहस्थ दुकानातला फळा वाचून आले, तेही आता घरच्यासारखे झालेत. आणि माझे सख्खे मामा. त्यांचं वय बहात्तर, पण सगळ्यांच्या आधी येतात आणि सगळ्यांच्या शेवटी जातात. मामींचा गुडघा दुखतो म्हणून त्यांना आम्ही खुर्ची देतो."

नर्सबाईंच्या हातातला ट्रे खाली पडला. ही माझ्या शेजारी रुमालात तोंड खुपसून खोकत होती. मला वाटलं, दवाखान्याच्या वासानं सर्दी झाली असेल.

"आणि यांना," डॉक्टर हिच्याकडे बघत, प्रथमच माणसासारख्या आवाजात म्हणाले, "यांना झेपतं हे?"

"सुरुवातीला दमायची," मी म्हटलं, "पण आता लोकच समजूतदारपणे काही ना काही घरून करून आणतात. त्यामुळे हिला फक्त चहाचं बघावं लागतं."

चहा हा शब्द ऐकल्यावर डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पहाट झाली. त्यांनी नर्सबाईंना बाहेर पाठवलं, औषध लिहायचा कागद पुढे ओढला आणि त्यावर दोन गोल काढले, एकमेकांना चिकटून. म्हणाले, हा नवरा, ही बायको. मी नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, आणि बाकीचे पंधरा कुठे बसवायचे? तेव्हा त्यांनी टेबलावरून वाकून माझ्या कानात चार वाक्यं सांगितली. ती मी इथे लिहीत नाही, कारण तुम्ही अजूनही मोठ्यानं वाचत असाल अशी मला दाट शंका आहे.

मामा, त्या दवाखान्यापासून घरापर्यंत बावीस मिनिटांचा रस्ता आहे. त्या बावीस मिनिटांत मला पाच महिन्यांतलं माझं प्रत्येक वाक्य आठवत गेलं. मालकांना म्हटलेलं. टपालवाल्या काकांच्या सूनबाईंना म्हटलेलं ('तुम्ही आलात की समागमाला रंग येतो'). फळा! मी तिथूनच दुकानाकडे पळालो आणि टाचणीसकट कागद ओरबाडला. रात्र पडायच्या आत सगळीकडे निरोप गेले. पुढचे चार दिवस मी घरोघर जाऊन निमंत्रणं गोळा करत होतो. काही लोकांनी निमूटपणे दिली. काहींनी देताना हात दाबला. आमच्या समोरच्या बाईंनी तर ते पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, वर 'खासगी' लिहून आधीपासून तयारच ठेवलं होतं.

पाचव्या दिवशी मात्र शरमेची जागा रागानं घेतली. माझा काटा चुकला, हे मला मान्यच होईना. मी अर्धा दिवस रजा टाकून (या खेपेला मालकांनी डोळा मारला) सार्वजनिक वाचनालयात गेलो आणि ग्रंथपाल बाईंकडे सगळ्यात जाडा शब्दकोश मागितला. कोणता शब्द बघायचाय, त्यांनी विचारलं. मी चिठ्ठीवर लिहून दिला. त्यांनी चिठ्ठी वाचली, मला आपादमस्तक न्याहाळलं, आणि कोश आणून माझ्यासमोर उघडा ठेवून दोन पावलं मागे सरून उभ्या राहिल्या.

आता नीट ऐका, कारण इथून विजयाला सुरुवात होते. सम् म्हणजे बरोबर, एकत्र. आ आणि गम् मिळून येणे. समागम, म्हणजे एकत्र येणे! बस्स. त्या शब्दाच्या मुळात एवढंच आहे, दुसरं काडीचं काही नाही. कोशात पहिला अर्थ, भेट. दुसरा अर्थ, संगत, सहवास. तिसरा अर्थ, मेळावा. आणि कुठे खाली, पान संपता संपता, चौथ्या क्रमांकावर, डॉक्टरांचा अर्थ! मी पहिले तिन्ही अर्थ पाच महिने इमानेइतबारे पाळले होते. वाचनालयात बसूनच मी टेबलावर हात आपटला. ग्रंथपाल बाई आणखी एक पाऊल मागे सरल्या.

मग मला चटकच लागली. मैथुन बघितला. तो आला मिथुनावरून, आणि मिथुन म्हणजे नुसती जोडी. जोडीनं केलेलं ते मैथुन. म्हणजे नुसत्या शब्दाकडे बघितलं तर दोघांनी मिळून कपाट सरकवणं हेही त्यातच बसायला हरकत नाही. संभोग बघितला. तो भुज्‌पासून, उपभोग घेण्यावरून, आणि त्याच धातूपासून भोजनही निघालं. संग बघितला, तर चिकटणं. सगळी नावं दुसरीकडून आणलेली! जगाच्या सुरुवातीपासून चालत आलेलं हे काम, आणि त्याला स्वतःच्या मालकीचा असा एक सभ्य शब्द नाही. कुणीतरी लाजऱ्या माणसानं कधीतरी म्हटलं असणार, 'त्यांची भेट झाली', आणि म्हणताना जरा घसा खाकरला असणार. पुढच्यांना शब्द विसरून खाकरणंच लक्षात राहिलं. असा एकेक साधा, सरळमार्गी शब्द या कामावर पाठवायचा आणि तो बदनाम झाला की दुसरा शोधायचा. 'संबंध' या शब्दाचे आता तसेच दिवस भरत आलेत. मला त्या समागमाची इतकी दया आली की मी त्या पानाची छायाप्रत काढून घेतली.

पण नुसत्या व्युत्पत्तीनं माणूस जिंकत नाही, हेही कबूल करतो. डॉक्टरांच्या अर्थाप्रमाणे वागायला लागून जेमतेम महिना झाला असेल, आणि हिला सकाळी मळमळायला लागलं. तपासणी केली. मामा, आहे! तुम्ही आजोबा होणार! मी स्वयंपाकघरात खाली बसलो आणि मला उठवायला ही एकटीच होती. त्या क्षणी मी मनातल्या मनात चौथ्या अर्थापुढे मान तुकवली. छायाप्रत घडी घालून पुस्तकात ठेवून दिली. म्हटलं, असू दे, हरलो तरी असं हरावं.

आणि काल आम्ही पडद्यावर बाळ बघायला गेलो. एवढंसं. हात हलवत होतं. कुजबुज्यांनी पट्टी लावून मोजलं, वहीत पाहिलं, पुन्हा मोजलं. मग म्हणाले, तेरा आठवडे. मी वजनमापातला माणूस, माझी बोटं आपोआप मोजायला लागली. तेरा आठवडे म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबाच्या पद्धतीनं (ते दोन आठवडे आधीपासूनच मोजायला लागतात) प्रत्यक्ष सुरुवात झाली अकरा आठवड्यांपूर्वी. आणि त्यांनी मला दोन गोल काढून दाखवले ते कधी? आठ आठवड्यांपूर्वी!

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "डॉक्टर, आठ मोठे की अकरा?"

"अकरा," ते म्हणाले.

"मग तुम्ही मला अर्थ सांगितलात तेव्हा हे बाळ येऊन तीन आठवडे झाले होते! हे तुमच्या अर्थानं आलेलं नाही. हे पहिल्या अर्थानं आलेलं आहे!"

डॉक्टरांनी पुन्हा वही चाळली. शास्त्रीयदृष्ट्या, ते कुजबुजले, शास्त्रीयदृष्ट्या चौथ्या अर्थाचाही काही वाटा असलाच पाहिजे. मी म्हटलं, असेल, मी नाकारत नाही. एका रविवारी दुपारी, शनिवारच्या सतरा कपबश्या विसळून झाल्यावर, काही वाटा असेलही. पण त्या दुपारी आमच्या घरात तक्ता नव्हता, थर्मामीटर तांदळात होता, आणि आम्ही दोघं मामींची नक्कल आठवून हसत होतो. तो वाटा आपोआप आला. तीन वर्षं बोलावून आला नव्हता! नर्सबाईंनी टाळी वाजवली, मामा. खरीखुरी टाळी. आणि डॉक्टरांनी उठून माझा हात हातात घेतला आणि दवाखान्यातल्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मान्य!"

तेव्हा येत्या शनिवारपासून समागम पुन्हा सुरू. सहा वाजता, गच्चीवर. नाव बदलणार नाही. ज्याला जो अर्थ घ्यायचा तो घेऊ दे. मी मालकांनाही सांगितलंय. तुम्ही आणि मामी याच. राग सोडा.

तुमचा आज्ञाधारक आणि विजयी,
भाचा

ता. क. : एक छोटंसं काम आहे, खरं तर त्यासाठीच पत्र लिहायला घेतलं. माझा विजय मान्य केल्यावर डॉक्टर म्हणाले की दवाखान्यासाठी एक माहितीपत्रक छापायचंय, तर 'त्या'ला सगळ्यांना कळेल आणि कुणाला लाजवणार नाही असा शब्द मीच सुचवावा. मी हो म्हणून बसलो. शुक्रवारपर्यंत द्यायचाय. 'एकत्र झोपा' लिहून बाकावरच्या एका जोडप्याला दाखवलं, तर ते म्हणाले, रोज आठ तास झोपतो. 'संबंध ठेवा' म्हटलं, तर दुसऱ्यांनी सांगितलं, संबंध उत्तम आहेत, लग्न झाल्यापासून भांडण नाही. 'जवळ या' वाचून तिसऱ्यानं खुर्ची माझ्याकडे सरकवली. तुम्ही चाळीस वर्षं शब्द तपासलेत, एवढा एक शोधून द्या. फोनवर मात्र सांगू नका.

आणखी ता. क. : मामा, हे मी लिहितेय, तुमची भाचेसून. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय. मला अर्थ पहिल्या दिवशीच कळला होता. डॉक्टर तो शब्द बोलताना खिडकीबाहेर बघत होते. लोकांना चहाला बोलवा, असं सांगताना कुणी खिडकीबाहेर बघत नाही. पण हे बाहेर पडताना इतके खुशीत होते, आणि मला त्या तक्त्याचा इतका कंटाळा आला होता, की म्हटलं, चालू दे. निमंत्रणाच्या प्रती काढताना दर चौथ्या प्रतीला मी मोरीत जाऊन हसून येत होते. यांना सांगू नका, यांना जिंकू दे. शब्दाचं म्हणाल तर फार शोधत बसू नका. डॉक्टरांनी खिडकीकडे न बघता, आमच्याकडे बघून सांगितलं तर कुठलाही शब्द चालेल.

आता माझं काम सांगते. कालपासून यांनी नवा तक्ता केलाय. मी किती पाणी प्यायले, किती पावलं चालले, किती वेळा शिंकले. दुकानातून एक मोठा काटा घरी आणून स्वयंपाकघराच्या दारात ठेवलाय, त्यावर पाय दिल्याशिवाय आत जाता येत नाही. तर शनिवारी याल तेव्हा तुमचा कान दुखतोय असं सांगा, नाहीतर मामींचा गुडघा सांगा, आणि जाताना भाच्याला घेऊन जा. आठ दिवस ठेवून घ्या. काटाही न्या.